टपाची साल

१

आमच्या दुकानात गाड्यांचे कपडे बदलून मिळतात, असं फुगाभाऊ गिऱ्हाइकांना सांगायचे. मूळ रंगाला हात लावायचा नाही. त्यावर व्हिनाइलचा रंगीत कागद चिकटवायचा, नाहीतर रबराचा रंग फवाऱ्याच्या गनने मारायचा. दोन-तीन वर्षांनी मालकाचा जीव विटला की कागद ओढून काढायचा, रबर सोलून काढायचं. खाली गाडी होती तशी.

कागदाचं काम फुगाभाऊंचं. कागदाखाली हवेचा एक फुगा राहिला तरी त्यांना घास गोड लागत नसे, म्हणून त्यांचं हे नाव पडलं. सोलायचं काम माझं. मी आठवीत शाळा सोडली आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते. सोलताना बोलावं लागत नाही. दाराच्या कडेला नखाने कोपरा उचलायचा, दोन बोटांत धरायचा आणि घाई न करता ओढत जायचं. अख्ख्या बॉनेटचं रबर एका तुकड्यात निघतं. त्याला आम्ही साल म्हणतो.

रंग मारायचे काका. ते दुकानाचे मालक. आमच्यापैकी कुणाचेच ते काका नव्हते, पण सगळे त्यांना काकाच म्हणत. पूर्वी ते आणि माझा दादा मिळून हे काम करायचे. एक जण काचा, दिवे, चाकं कागदाने झाकायचा, दुसरा गन धरायचा. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी दादा दुकानातल्या रंगाच्या खोलीतच वारला. काचांवर बाहेरून कागद लावून झाला होता आणि आतल्या कडा झाकायला तो गाडीच्या मागच्या सीटवर शिरला होता. काकांना वाटलं, हा जेवायला गेला. त्यांनी दार लावून किल्ली फिरवली. त्या गाडीला किल्ली दोनदा फिरवली की दार आतूनही उघडत नाही. बॅटरी चार्जिंगला काढलेली होती, त्यामुळे हॉर्नही मेलेला. रबराच्या रंगाची वाफ जड असते. ती फटींतून आत उतरली.

"सीटवर डोळा लागला असणार त्याचा," काका आईला म्हणाले. "झोपेतच गेला, वहिनी. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

आईने ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं. अजूनही ती जेवताना मध्येच थांबते आणि विचारते, "झोपेतच ना रे?" मी "हो" म्हणतो. मग तिच्या घशाखाली घास उतरतो.

महिन्याभरात काकांनी मला दुकानात कामाला घेतलं. लोक म्हणाले, देवमाणूस आहे. मीही तेच म्हणायचो.

२

ती गाडी सकाळी दहाला आली. काका माल आणायला दोन दिवस बाहेरगावी गेले होते. एक नर्सबाई चालवत होत्या. गाडी त्यांनी वर्षापूर्वी कुणाकडून तरी जुनी घेतली होती.

"लाल नको झाला का?" फुगाभाऊंनी विचारलं.

"दिवसभर लालच बघते हो. घरी जाताना तरी पांढऱ्या गाडीत बसू दे."

फुगाभाऊ हसले. मग त्यांनी नंबर पाहिला आणि त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. मला नंबर बघायची गरज नव्हती. ती गाडी मी लांबूनच ओळखली होती.

बाई गेल्यावर ते म्हणाले, "तू राहू दे. मी सोलतो."

"तुम्हाला जमत नाही, फुगाभाऊ. तुम्ही फाडता."

"तोंडाळ झालास रे," ते म्हणाले, पण बाजूला झाले.

बॉनेट निघालं. दारं निघाली. काम सुरेख होतं. खाली काळा थर, वर लाल, आणि कुठे पट्टा नाही की ओघळ नाही. काकांचा हात तसाच आहे. शेवटी मी स्टुलावर चढून टपाची साल ओढली. ती एका तुकड्यात सुटली आणि माझ्या खांद्यांवर उलटी पडली.

आतली काळी बाजू वर आली होती. तिच्यावर वर्तुळं होती.

३

पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. मधे एक टिंब, भोवती दोन-तीन बारीक कडी. साधारण मागच्या सीटच्या वर. शेजारी शेजारी तीन. थोडं सोडून पुन्हा तीन. त्यांच्यापुढे आणखी तीन.

"ओल्या रंगावर पाणी पडलं असेल," फुगाभाऊ म्हणाले.

"पाणी वरून पडतं. ही खालून आहेत."

आमच्याकडे एक नियम आहे. गाडीत कुणी असेल आणि बाहेर गन चालू झाली, तर आतल्याने टपाला तीनदा ठोकायचं. गनवाला थांबतो. पत्रा हादरला की त्यावरचा ओला थर हलतो, हे कुणीही सांगेल. पण वर्तुळं राहतात असं मी कधी पाहिलं नव्हतं. पत्रा तापून वाजतो, कॉम्प्रेसरची नळी गाडीला घासते, असं काहीही असू शकतं. मी मनाला बरंच समजावलं.

मग सालीच्या कडेला मला काळा आणि लाल थर किंचित सुटलेले दिसले. मी नखाने ते वेगळे केले. मधे वेळ गेला असेल तर दोन रंग एकत्र सोलले जातात, पण पुरते एकजीव होत नाहीत. लाल थर अलगद उचलला गेला.

त्याच्या पोटातही वर्तुळं होती. तीन. मग फिकी तीन. मग दोन. त्यापुढे लाल अगदी सपाट होता.

"फुगाभाऊ," मी विचारलं, "काळ्यावरून लालवर जायला किती वेळ लागतो?"

"गन उघडून धुवायची. नळी धुवायची. अर्धा तास." बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. ते खाली बसले. "मी त्या दिवशी रजेवर होतो रे," ते म्हणाले. मी त्यांना विचारलंही नव्हतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "गुंडाळ आणि फेकून दे. आईला दाखवू नकोस."

४

मी फेकली नाही. मागच्या कोठीत तारेवर टांगली. लाल बाजू खोलीकडे, काळी भिंतीकडे.

आईने त्या दिवशीही विचारलं. मी "हो" म्हणालो आणि माझाच घास घशात अडकला. मी पाणी प्यायलो. आई म्हणाली, "सावकाश जेव. कुठे पळायचंय तुला?"

दादा पळणार होता. हे फक्त मला माहीत होतं. त्याने पलीकडच्या रस्त्यावर गाळा पाहून ठेवला होता. दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं त्याच्या हातच्या कामासाठीच यायची. त्या सकाळी घरातून निघताना तो मला म्हणाला होता, "आज काकांना सांगून टाकतो. मग तू पण माझ्याकडेच ये. फुगाभाऊंनाही उचलू." तो हसत होता. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण मला त्याचा दुसऱ्या कशाशी संबंध वाटला नव्हता.

त्या दिवसापासून माझ्या छातीत काहीतरी घट्ट बसलं. राग म्हणावा तर तो गरम असतो. हे गार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठी उघडली तर सालीच्या लाल बाजूवर, आदल्या दिवशी मी स्वतः हात फिरवून पाहिलेल्या सपाट जागेवर, एक वर्तुळ होतं. एकच. ताजं असावं तसं चकाकत होतं. मी साल बाजूला केली. मागे भिंत. भिंतीवर खिळा नाही, काही नाही. तारेचा आकडा टोचला असेल म्हणून पाहिलं. आकडा हातभर वर होता.

मी बोटांवर मोजलं. तीन, तीन आणि दोन. राहिलेला तिसरा आता ठोकला गेला होता.

५

काका त्याच दिवशी दुपारी आले. नर्सबाई पांढरी गाडी घेऊन निघतच होत्या. काका दारात उभे राहून ती गाडी वळणापर्यंत जाताना बघत राहिले.

"ती कशाला घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाईक आलं, घेतली," फुगाभाऊ म्हणाले. "पाटी काय तुम्हाला विचारून वाचायची त्यांनी?"

"साल कुठाय?"

"फेकली," मी म्हणालो. मी काकांशी पहिल्यांदाच खोटं बोललो आणि माझी जीभ अजिबात अडखळली नाही.

"बरं केलंस, बाळा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मला त्यांच्या मनगटावर लाल डाग दिसला. बोटाच्या पेराएवढा.

"काका, रंग लागलाय."

त्यांनी अंगठ्याने घासला. मग नखाने खरवडला. बारीक बारीक कण निघाले आणि डाग तेवढाच राहिला. "गन धुताना लागला असेल," ते म्हणाले.

लाल रंगाचे डबे गेल्या वर्षीच संपले होते. त्यानंतर दुकानात कुणी लाल मारला नव्हता. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. फुगाभाऊ वळले आणि एका कोऱ्या कागदावरचा नसलेला फुगा काढत बसले.

पुढच्या आठवड्यात काकांनी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला सुरुवात केली. मग हातमोजे. किल्ली घेताना, चहाचा कप धरताना, कधीच काढायचे नाहीत. त्यांच्या टेबलाखाली रोज लाल भुगा सांडलेला असायचा, पेन्सिल तासल्यावर सांडतो तसा. सकाळी झाडताना मी तो उचलायचो. रबरच होतं. आमच्याच कामाचं, उत्तम प्रतीचं.

मी कोठीत जाऊन साल पाहत होतो. ती रोज थोडी थोडी पातळ होत होती. कडा विरत चालल्या होत्या. एके दिवशी तारेवर काही नव्हतं.

त्याच दिवशी फुगाभाऊंनी आपल्या कागद दाबायच्या पट्ट्या आणि कटर पिशवीत भरले. "माझी तब्येत बरी नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "तूही चल."

"माझं काम राहिलंय," मी म्हणालो.

६

दुपारी काकांनी मला रंगाच्या खोलीत बोलावलं. ती खोली लांबट आहे. खाली गुळगुळीत फरशी, वर सहा नळ्यांचे दिवे, भिंतींना प्लॅस्टिक. दादानंतर काका तिथे रंग मारताना कानांवर मोठे हेडफोन घालत. गाणी ऐकतो, म्हणायचे. आज हेडफोन कोपऱ्यात फरशीवर पडले होते आणि ते एका स्टुलावर पाठमोरे बसले होते.

"दार लाव," ते म्हणाले. मग त्यांनी शर्ट काढला.

मनगटांपासून खांद्यांपर्यंत, खांद्यांवरून पाठीवर, पाठीवरून मानेच्या मुळापर्यंत लाल. पट्टा नाही, ओघळ नाही. दंडाशी जिथे त्यांनी खरवडलं होतं तिथे बारीक भुरभुर होती, बस.

"निघत नाही रे," काका म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, रंग आहे, रॉकेल लावा. रॉकेल लावलं, पेट्रोल लावलं. घरी बायको जवळ येत नाही. थर पातळ आहे, म्हणून निघत नाही. तुला माहितीये ना, पातळ असला की काय करतात?"

मला माहीत होतं. दादानेच घरी कधीतरी सांगितलं होतं. पातळ थर सोलता येत नाही, त्याचा भुगा होतो. अशा वेळी त्याच्यावर आणखी थर चढवायचे. चार, पाच. मग खालचा आणि वरचा मिळून जाड होतो आणि एका ओढीत सुटतो. काढण्यासाठी आधी वाढवावं लागतं.

"अंगावर मारू?"

"मार. कुठलाही रंग मार. पण आज काढ हे."

पारदर्शक रंगाचे दोन डबे होते. मी त्यांना मास्क दिला. मी माझा घातला. कॉम्प्रेसर चालू केला.

७

पहिला थर मी पाठीवर मारला. काकांना मारताना पाहिलं होतं तसा, डावीकडून उजवीकडे, एका वेगात. मग वाळायला दहा मिनिटं थांबायचं असतं. इतर वेळी आम्ही त्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन उभे राहतो. त्या दिवशी थांबलो.

"काका," मी विचारलं, "तुम्ही ऐकलं होतं का?"

दिव्याची एक नळी किरकिरत होती.

"दुसरा थर मार," ते म्हणाले.

"आधी सांगा."

"ऐकलं." त्यांनी मान खाली घातली. "थर अर्ध्यावर होता. म्हटलं, एवढा होऊ दे, नाहीतर पट्टा पडेल."

मी दुसरा थर मारला. ओल्या थरावर, त्यांच्या पाठीच्या मधोमध, एक वर्तुळ उमटलं. मग दुसरं. मग तिसरं. आतून कुणीतरी बोटाच्या सांध्याने ठोकावं तशी. काकांचं अंग प्रत्येक वेळी थोडं पुढे जात होतं, पण त्यांना ते कळत असावं असं दिसलं नाही. मी म्हटलं, श्वासामुळे होत असेल. माणूस श्वास घेतो, पाठ हलते. मी हे स्वतःला दोनदा सांगितलं.

"काळ्यात नऊ होती," मी म्हणालो. "मग तुम्ही गन धुतलीत."

"तुला कसं..."

"धुतलीत ना?"

"धुतली."

"अर्धा तास."

"तो त्या सकाळी मला म्हणाला, काका, मी चाललो." ते भराभर बोलायला लागले. "हसत म्हणाला रे. मी त्याला गन धरायला शिकवलं. माझी माणसं, माझी गिऱ्हाइकं घेऊन चालला आणि हसत होता. मला वाटलं, बसू दे थोडा वेळ आत. घाबरू दे. त्याला जरा कळू दे. एवढंच वाटलं होतं. मग लाल चालू केला, तेव्हा अजून ठोकत होता, मग मला भीती वाटली की आता उघडलं तर तो सगळ्यांना सांगेल. मग आवाज थांबला. मला बरं वाटलं. खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटलं."

मी तिसरा थर मारला. चौथा मारला. प्रत्येक थरावर वर्तुळं उठत होती, आणि प्रत्येक थराखाली ती गाडली जात होती. पाचव्याला एकही उठलं नाही.

८

चार वाजता तो वाळला. मी मास्क काढला, हात धुतले आणि काकांच्या खांद्यामागे नखाने कड शोधली. सापडली. जाड, लवचीक, सोलायला अगदी योग्य. कोपरा तळहाताएवढा सहज उचलला गेला.

खाली पांढरं होतं.

कातडीचा रंग नव्हे. गाडीला असतो तसा कंपनीचा पांढरा. गुळगुळीत. त्यात वरच्या दिव्यांच्या सहा रेघा दिसत होत्या आणि त्यांच्यामध्ये माझं तोंड. मी बोट टेकवलं. गार होतं. मी टिचकी मारली आणि ते वाजलं. आत पोकळ आहे असं वाजलं.

"निघतंय का रे?" काकांनी विचारलं.

आवाज लांबून आला. काचा वर केलेल्या गाडीतून यावा तसा. मी कोपरा हातात धरूनच थोडा पुढे वाकून पाहिलं. काकांचा मास्क गळ्यात लोंबत होता. त्यांचे डोळे माझ्याकडे वळले होते आणि भरून आले होते. ओठ मिटलेले होते.

"काढ ना, बाळा," आवाज पाठीतून म्हणाला. "काढ, मग आपण दोघं तुझ्या आईकडे जाऊ. मी वहिनींच्या पायांवर डोकं ठेवतो. पहिल्यापासून सगळं सांगतो. हे आता माझ्याच्याने आत ठेववत नाही."

मला ते सगळं दिसलं. आमचं स्वयंपाकघर. काका खाली बसून रडतायत. आई आधी भिंतीला टेकते, मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवते. ती तशीच आहे, ती हात ठेवील. काका डोळे पुसून उठतील, चपला घालतील आणि हलके होऊन रस्त्याने चालू लागतील. आणि दुसऱ्या दिवशी माझी आई ताटावर बसेल. तिला आता काही विचारायचं उरलेलं नसेल. ती काळ्यातली नऊ मोजेल, लालमधली मोजेल, मधला अर्धा तास मोजेल. रोज. मरेपर्यंत.

त्यांचं ओझं उतरणार होतं, आणि ते कुणाच्या डोक्यावर चढणार होतं ते त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"नाही काका," मी म्हणालो. "ते आतच राहू दे."

मी कोपरा खाली सोडला आणि त्यावरून अंगठा फिरवला. तो बसला. जोड कुठे होता ते मलाही दिसेना. आतून काहीतरी बोलणं चालू होतं, पण मी कॉम्प्रेसर लावल्यावर ते ऐकू येईनासं झालं.

डबा हलवून पाहिला. निम्मा शिल्लक होता. मी गन भरली, हवेचा दाब नीट केला, आणि कुठलीही गाडी मारताना आम्ही टपापासून सुरुवात करतो, तशी वरून, काकांच्या डोक्यापासून सुरुवात केली.